चालत्या सर्व्हरमध्ये उतरलेला पाहुणा

मॅगझिन कमिटीत असण्याचा एक फायदा म्हणजे बी.ई.च्या सगळ्या प्रोजेक्टांच्या सिनॉप्सिस एकगठ्ठा वाचायला मिळतात. (तोटे बरेच आहेत, ते संपादकीयात वाचा.) यंदा तो गठ्ठा चाळताना लक्षात आलं, की कॉम्प्युटर आणि आय.टी. मिळून निम्म्याअधिक ग्रुप्सनी ‘वैशिष्ट्ये’ या मथळ्याखाली एक ओळ हमखास टाकली आहे: सिस्टिम चालू असतानाच वेब एपीआयमधून नवीन प्लगइन लोड करता येईल, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागणार नाही. ओळ झकास आहे. एक्स्टर्नलसमोर म्हणायला तर फारच झकास. लग्नपत्रिकेत ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असतं ना, तशी ती आता सिनॉप्सिसमध्ये छापूनच येते.

त्यातले बहुतेक प्रोजेक्ट ओरल झाली की काळ्या बाइंडिंगमध्ये बांधून कपाटात जातील, तिथे ते कुणाचं काय बिघडवणार? पण एक जाणार नाही. प्रोग्रॅम तपासणारा सर्व्हर. विद्यार्थ्याने आपला प्रोग्रॅम वेबपेजवर टाकायचा, सर्व्हरने तो चालवून बघायचा आणि मार्क द्यायचे. डेटा स्ट्रक्चरची तपासणी वेगळी, डीबीएमएसची वेगळी, म्हणून प्रत्येक विषयाच्या सर-मॅडमनी आपापला तपासनीस प्लगइन म्हणून लिहायचा आणि ब्राउझरमधून चढवायचा, की तो लगेच कामाला लागला. पुढच्या सेमिस्टरपासून टर्मवर्कचे मार्क यावरून घ्यायचे असं विभागात घाटतंय. ज्या ग्रुपने हे केलं त्यांनी रात्री जागवल्यात, मेस बंद झाल्यावर मॅगीवर दिवस काढलेत, हे सगळ्या होस्टेलला ठाऊक आहे. म्हणूनच जे म्हणायचं ते आत्ताच म्हणते, मार्क लागायच्या आधी.

प्लगइन जरूर घ्या. वेबवरून घ्या. पण ज्या प्रोसेसच्या हातात डेटाबेस आणि मार्क आहेत त्याच प्रोसेसमध्ये त्याला उतरवू नका.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये, गोष्ट होस्टेलचीच आहे. चालू प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिम एक खोली देते, तिला म्हणायचं प्रोसेस. त्या खोलीत मेमरी असते, उघडलेल्या फाइली असतात, नेटवर्कची कनेक्शनं असतात, आणि खोली ज्या युजरच्या नावावर आहे त्याचे सगळे हक्क असतात. आता प्लगइन म्हणजे या खोलीत राहायला आलेला पॅरासाइट. रेक्टरच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव नाही. वॉचमनने अडवलं तर तो तुमचाच रूम नंबर सांगतो. तुमची चावी तीच त्याची चावी, तुमची बादली तीच त्याची बादली. ऑपरेटिंग सिस्टिमला प्लगइन नावाचं वेगळं काही दिसतच नाही, तिला एकच प्रोसेस दिसते. त्या प्रोसेसला मार्कांच्या टेबलात लिहायची परवानगी असेल, तर डेटा स्ट्रक्चरच्या तपासनीसालाही ती आपोआप मिळाली. डेटाबेसचा पासवर्ड मेमरीत असेल, तर तोही त्याच्या हाताशी आहे.

पॅरासाइट निदान दारावर टकटक तरी करतो. प्लगइनचं तसंही नाही. सीमध्ये डीएल-ओपन हे फंक्शन बोलावून लायब्ररी उघडली, की तिच्यातली कन्स्ट्रक्टर फंक्शन्स तो कॉल परत यायच्या आतच चालून गेलेली असतात. पायथनमध्ये मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट करणं म्हणजे ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवणंच. जावामध्ये क्लास-डॉट-फॉरनेमला नुसतं नाव दिलं की त्या क्लासचा स्टॅटिक ब्लॉक चालतो. तुम्ही ऑब्जेक्ट बनवलेलाही नसतो. आता सिनॉप्सिसमधले फ्लोचार्ट बघा. आधी ‘लोड प्लगइन’ची चौकट, तिच्याखाली ‘व्हॅलिड आहे का?’ असा डायमंड. म्हणजे पेपर सोडवून झाल्यावर हॉलतिकीट तपासायचं! जी तपासणी करायची ती फाइल नुसती फाइल असतानाच करायला हवी: कुणी पाठवली, सही बरोबर आहे का, हॅश जुळतो का. आणि फाइल उघडतानाही जपून, कारण जार आणि वॉर या शेवटी झिप फाइली. आतल्या फाइलीच्या नावातच ‘एक पायरी वर जा’ असं लिहिलेलं असेल आणि उघडणाऱ्याने ते निमूट पाळलं, तर ती फाइल प्लगइनच्या फोल्डरबाहेर, भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. ही युक्ती २०१८ मध्ये झिप स्लिप या नावाने गाजली होती आणि तेव्हा अनेक नामांकित लायब्रऱ्या तिच्यात सापडल्या.

‘पण आधी लॉगिन आहेच की!’ असं ग्रुपचं उत्तर आहे. बघू या लॉगिन किती पुरतं ते.

ओपनफायर हा जावामध्ये लिहिलेला ओपन सोर्स चॅट सर्व्हर. ॲडमिनच्या वेबपेजवरून जार चढवली की प्लगइन चालू सर्व्हरमध्ये उतरतं, म्हणजे आपल्याला हवी आहे तीच सोय. मे २०२३ मध्ये त्याच्यातली एक फट जाहीर झाली. सर्व्हर पहिल्यांदा बसवताना लागणाऱ्या सेटअपच्या पानांना लॉगिन लागत नसे, आणि यूआरएलमध्ये काही अक्षरं वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहून या पानांच्या आडून ॲडमिनच्या पानांपर्यंत पोचता येत असे. ही फट एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या ३.१०.० या आवृत्तीपासून होती. आठ वर्षं! आत शिरलेल्यांनी पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी नवा ॲडमिन बनवला, त्याच्या नावाने रीतसर लॉगिन केलं, आणि आपलं प्लगइन चढवलं. त्यापुढे काही फोडायची गरजच उरली नाही. सर्व्हरने स्वतःच्या हाताने तो कोड चालवला. त्याच वर्षी अशा सर्व्हरांवर किन्सिंग नावाचा मालवेअर दुसऱ्याच्या विजेवर क्रिप्टोकरन्सी खणताना सापडला.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, जेटब्रेन्स कंपनीच्या टीमसिटीमध्ये लॉगिन टाळता येणारी फट सापडली, आणि तिथेही पुढची पायरी तीच होती: ॲडमिन बना, प्लगइन चढवा. टीमसिटी हा बिल्ड सर्व्हर, म्हणजे कंपनीचा सगळा सोर्स कोड जिथून जातो ते नाकंच.

या दोन्ही ठिकाणी शिकलेसवरलेले, अनुभवी प्रोग्रॅमर होते. लॉगिनमध्ये चूक कुणाचीही होते, आपलीही होणार. साध्या वेबसाइटवर ती झाली तर चोराला त्या वेबसाइटचा डेटा मिळतो, आणि तेही वाईटच. पण त्याच दारामागे प्लगइन लोडर बसलेला असेल तर त्याला सबंध मशीन मिळतं. फरक एवढा मोठा आहे, म्हणून या एपीआयला इतर एपीआयच्या रांगेत बसवू नये असं मला वाटतं. ‘विद्यार्थ्याचं नाव बदला’ आणि ‘प्लगइन लोड करा’ या दोन्ही रिक्वेस्ट एचटीटीपीला सारख्याच दिसतात. आपल्याला त्या सारख्या दिसून चालणार नाही.

टॉमकॅट तर आपल्या लॅबमध्येच आहे. त्याच्याबरोबर मॅनेजर नावाचं एक ॲप्लिकेशन येतं. त्याला एचटीटीपीच्या पुट रिक्वेस्टने वॉर फाइल पाठवली की नवं ॲप्लिकेशन चालू होतं, टॉमकॅट बंद न करता. टॉमकॅटवाल्यांनी या दाराची बरीच काळजी घेतली आहे. मुळात एकही युजर दिलेला नसतो, माणसांसाठी आणि स्क्रिप्टसाठी रोल वेगळे आहेत, आणि हल्लीच्या आवृत्त्यांत मॅनेजर मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडतो. पण परवानगी नाकारल्यावर जे पान दिसतं, त्यावर समजावण्यापुरता एक नमुना छापलेला असतो: युजर टॉमकॅट, पासवर्ड ‘सीक्रेट’, फक्त पहिल्या ई-च्या जागी ३ चा आकडा. लोकांनी नमुना जसाच्या तसा उतरवला. इतक्या लोकांनी, की टॉमकॅट धुंडाळणाऱ्यांच्या पासवर्डांच्या यादीत तो असतोच. (जर्नल कॉपी करताना मित्राचा रोल नंबरही उतरवणारे आपल्यातही आहेत, त्यामुळे हसण्यात अर्थ नाही.)

कधीकधी तर आपण लोडर बांधलाय हेच माहीत नसतं. लॉग-फोर-जे ही जावामध्ये लॉग लिहायची लायब्ररी. ती कुठे नव्हती ते विचारा. २०१३ मध्ये तिच्यात एक सोय आली: लॉगच्या मजकुरात ठरावीक खुणांमध्ये जेएनडीआयचा पत्ता आला, की लायब्ररी तो वाचून तिकडून ऑब्जेक्ट शोधून आणणार. डिसेंबर २०२१ मध्ये जगाच्या लक्षात आलं, की हा पत्ता बाहेरचा कुणीही देऊ शकतो. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी ती ओळ टाइप करायची. सर्व्हर ‘चुकीचं नाव’ अशी नोंद इमानेइतबारे करायला जातो, आणि नोंद करता करता भलत्याच मशीनवरचा क्लास आणून चालवतो. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० मार्क मिळाले. जगभरच्या सिस्टिम ॲडमिनचा त्या वर्षीचा नाताळ त्यात गेला.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल सिनॉप्सिसमध्ये कुणीच लिहीत नाही. लोड करणं सोपं. अनलोड?

जावामध्ये एखादा क्लास मेमरीतून जायचा असेल तर त्याला आणणारा क्लासलोडर आधी पूर्ण बेवारस व्हावा लागतो. प्लगइनने एक थ्रेड सुरू ठेवला, एखादा डेटाबेस ड्रायव्हर नोंदवून ठेवला, थ्रेडलोकलमध्ये एखादं ऑब्जेक्ट विसरला, की त्या एका धाग्याला सबंध क्लासलोडर लटकून राहतो, आणि क्लासलोडरला त्याचे सगळे क्लास. जुन्या टॉमकॅटवर चार-सहा वेळा रीडिप्लॉय केलं की ‘परमजेन स्पेस’ संपल्याची एरर यायची, ती मुख्यतः यामुळे. आपल्या सिनियर्सना ती एरर देवाच्या नावासारखी पाठ होती. २०१४ मध्ये जावा ८ आलं, परमजेन गेलं, मेटास्पेस आलं. गळती तशीच राहिली. फक्त भांडं मोठं झाल्यामुळे ती उशिरा कळते.

सीमध्ये याहून मजा. डीएल-क्लोज म्हटलं म्हणून लायब्ररी मेमरीतून जाईलच अशी खात्री नाही, आणि गेली तर तिच्यातलं एखादं फंक्शन अजून चालू असलेल्या थ्रेडच्या पायाखालची जमीन जाते. मसल ही लिनक्सवरची एक सी लायब्ररी आहे, तिने तर लायब्ररी कधी काढायचीच नाही असं ठरवून टाकलंय. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

पायथनवाले म्हणतील आमच्याकडे रीलोड आहे. आहे, पण ज्याने आधीच त्या मॉड्यूलमधून एखादं फंक्शन नावाने इम्पोर्ट करून घेतलंय, त्याच्याकडे जुनंच फंक्शन राहतं. निम्मा सर्व्हर नव्या नियमाने मार्क देतोय आणि निम्मा जुन्या, हा प्रकार टर्मवर्कच्या आठवड्यात कुणाला हवा आहे? जावामध्ये याचंच भावंडं म्हणजे ती वेड लावणारी एरर: तपासनीस या क्लासचं ऑब्जेक्ट तपासनीस या क्लासमध्ये कास्ट करता येत नाही. नाव तेच, पॅकेज तेच, पण दोन क्लासलोडरांनी आणले म्हणून जेव्हीएमच्या लेखी ते दोन वेगळे क्लास. ही एरर पहिल्यांदा भेटली की माणूस रात्री दोन वाजता स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो.

वेब एपीआयचे स्वतःचे लोचे वेगळेच. मोठी फाइल चढतेय, नेट हळू आहे, ब्राउझर कंटाळतो, मॅडम पुन्हा बटण दाबतात: प्लगइन एकदा लोड झालं की दोनदा? उत्तर ग्रुपकडे नाही, कारण त्यांनी नावाला आणि आवृत्तीला बांधलेली नोंदच ठेवलेली नाही. वीज गेली, सर्व्हर पुन्हा चालू झाला: मेमरीत लोड केलेलं प्लगइन परत येणार का? पुढेमागे दोन सर्व्हर ठेवले तर रिक्वेस्ट पोचते एकावर, दुसरा आपला जुन्याच प्लगइनवर मार्क वाटत बसतो. हे सगळं सोडवता येतं. पण सोडवायचं काम बरंच आहे, आणि ते ‘रीस्टार्ट लागत नाही’ या तीन शब्दांच्या मागे दडून बसतं.

इतकं झाल्यावर कुणी म्हणेल, मग लोक हे करतातच कशाला? करतात, कारण काही ठिकाणी थांबणं खरंच परवडत नाही. एरिक्सनमध्ये १९८६ पासून एर्लांग ही भाषा घडत गेली ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी. लोक फोनवर बोलत असताना एक्स्चेंज बंद करून नवा कोड टाकता येत नाही. म्हणून त्या भाषेतच सोय केली, की एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहतील, जुनी आणि चालू. जुन्या आवृत्तीतलं काम जुनीत संपेल, नवं काम नवीत सुरू होईल. तिसरी आवृत्ती आणली, तर अजून पहिलीतच रेंगाळलेल्या प्रोसेस सरळ मारल्या जातात. बघा, चालू असताना कोड बदलायचा म्हणून त्यांनी भाषाच तशी घडवली. आपण एका शनिवार-रविवारात क्लासलोडर लिहून ते झालं म्हणतो.

जेनकिन्सचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. (आधीचं नाव हडसन; २०११ पासून जेनकिन्स.) त्याच्यावर तासन्‌तास चालणारी बिल्डं असतात, रीस्टार्ट म्हणजे शिव्या. म्हणून नवं प्लगइन चालू सर्व्हरमध्ये, रीस्टार्टशिवाय बसवता येतं. पण आधी बसवलेल्या प्लगइनची नवी आवृत्ती टाकायची असेल तर? तिथे जेनकिन्स मुकाट्याने रीस्टार्ट मागतो. प्लगइनच्या जिवावर उभं असलेलं सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षांचा अनुभव, तरी एका मर्यादेपुढे ते पाय टाकत नाही. आपल्या ग्रुपने ती मर्यादा पहिल्याच सेमिस्टरला ओलांडली आहे.

आपल्या सर्व्हरची गरज मला मान्य आहे. साठ जणांची बॅच लॅबमध्ये बसलेली असताना एखाद्या सरांना तपासनीसात दुरुस्ती करायची असेल, तर सर्व्हर पाडून चालणार नाही. पण त्यासाठी पाहुण्याला खोलीत घ्यायची गरज नाही, शेजारची खोली द्या. प्रत्येक तपासनीस ही वेगळी प्रोसेस. सर्व्हरने उत्तर त्याच्या स्टँडर्ड इनपुटवर द्यायचं, त्याने मार्क स्टँडर्ड आउटपुटवर छापायचे, संपलं. नवा तपासनीस आला की पुढच्या उत्तरापासून नवी प्रोसेस. क्लासलोडर नको, अनलोड नको. प्रोसेस मेली की ऑपरेटिंग सिस्टिम तिची खोली झाडून पुसून परत घेते, आणि हे काम ती पन्नासहून जास्त वर्षं करत आली आहे. व्हीएस कोड आपली एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो ते उगाच नाही. टेराफॉर्मचे प्रोव्हायडरही वेगळ्या प्रोसेस म्हणूनच चालतात आणि मुख्य प्रोग्रॅमशी निरोपानिरोपीने बोलतात.

यावर ग्रुपचा आक्षेप असा, की प्रोसेस सुरू करायला वेळ लागतो. धरा, प्रत्येक उत्तरामागे अर्धा सेकंद जास्त गेला. साठ जणांचे तीस सेकंद. प्रॅक्टिकलला प्रिंटरसमोर आपण याहून जास्त वेळ उभे असतो!

दुसरा आक्षेप सँडबॉक्सचा: ‘जावामध्ये सिक्युरिटी मॅनेजर आहे, प्लगइनला त्यात कोंडू.’ आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकात तो आहे खरा, ॲपलेटच्या धड्याला लागूनच. पण २०२१ मध्ये जावा १७ ने त्याला निरोपाचा नारळ दिला आणि मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला. आता प्लगइनमध्ये कुणी सिस्टिम-डॉट-एक्झिट लिहिलं, तर सबंध सर्व्हर खाली बसेल, आणि त्याला अडवायला पूर्वी जो शिपाई उभा होता तो निवृत्त झालाय. तीच गत अनंत लूपची. थ्रेडला बाहेरून थांबवणारी स्टॉप ही मेथड २०२३ च्या जावा २० पासून काम करायलाच नकार देते. प्रोसेसला मात्र दहा सेकंद झाल्यावर केव्हाही मारता येतं. या दोन्ही गोष्टींना हॅकर लागत नाही. रात्री उशिरा घाईत तपासनीस लिहिणारे आपले सर पुरतात.

एकाच प्रोसेसमध्ये बाहेरचा कोड घेऊन सुरक्षित राहता येतच नाही असं नाही. लिनक्सचा कर्नल २०१४ पासून बाहेरून आलेले छोटे ईबीपीएफ प्रोग्रॅम चालू असतानाच आत घेतो. पण आत घेण्याआधी एक व्हेरिफायर त्यातली प्रत्येक वाट तपासतो: मेमरीत भलतीकडे हात घालतोय का, कधी थांबणार की नाही. सुरुवातीला तर लूपलाच बंदी होती. संशय आला की प्रोग्रॅम नाकारला, वाद नाही. असा व्हेरिफायर लिहायला बसलात तर बी.ई. संपून एम.ई.ही संपेल.

आणि ‘आपला सर्व्हर फक्त कॅम्पसच्या लॅनवर आहे, बाहेरून कोण येणार?’ हा आक्षेप ऐकून तर मला हसू आवरेना. बाहेरून कशाला यायला हवं? मार्कांमध्ये जगात सगळ्यात जास्त रस असलेले सातशे लोक त्याच लॅनवर, होस्टेलच्या खोल्यांत बसले आहेत, आणि त्यांच्याकडे रात्रभर वेळ आहे. शिवाय लॉगिन फोडायचीही गरज नाही. सरांनी ॲडमिन म्हणून लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्येच दुसऱ्या टॅबमध्ये कुणीतरी पाठवलेली लिंक उघडली, आणि त्या पानाने गुपचूप आपल्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवली, तर ब्राउझर सरांची कुकी तिला जोडून देऊ शकतो. असली रिक्वेस्ट ओळखायला प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन ठेवतात आणि कुकीवरही बंधन घालतात. आपल्या सर्व्हरमध्ये दोन्हीपैकी काहीच नाही, मी विचारून खात्री केली आहे.

आणखी एक सांगते. रीस्टार्टची आपल्याला उगाचच लाज वाटते. एनजिनएक्सला नवं मॉड्यूल किंवा नवं कॉन्फिगरेशन द्यायचं असेल तर रीलोडचा सिग्नल देतात. मुख्य प्रोसेस नवे कामगार उभे करते, जुने कामगार हातातल्या रिक्वेस्ट संपवून घरी जातात, आणि वेबसाइट बघणाऱ्याला काही कळतही नाही. चालू गाडीचं चाक बदलण्याऐवजी शेजारी दुसरी गाडी उभी करून माणसं तिच्यात बसवायची. यात दिसायला जादू नाही, म्हणून सिनॉप्सिसमध्ये ते येत नाही.

तर विभागापुढे आणि ग्रुपपुढे मागणी अशी. मार्कांसाठी वापरायच्या आधी तपासनीस वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यावेत. त्या प्रोसेसचा युजर वेगळा असावा, ज्याला डेटाबेस दिसत नाही आणि नेटवर्क मिळत नाही. मेमरीची आणि वेळेची मर्यादा असावी. प्लगइन चढवायचं पान ॲडमिनच्या इतर पानांपासून तोडून फक्त स्टाफरूमच्या दोन मशीनवरून उघडावं. कोडचं काम मला वाटतं दोन आठवड्यांचं आहे, आणि ग्रुपला हात लागत असेल तर आमच्या विंगमधून तिघी यायला तयार आहेत. प्रत्येक तपासनीस कुणी, कधी चढवला आणि त्या फाइलीचा हॅश काय, याची यादी सर्व्हरने स्वतः ठेवावी आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी तिची प्रिंट लॅबच्या दारावर लावावी, म्हणजे आपला पेपर कुठल्या आवृत्तीने तपासला ते आत जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल.